एसीच्या पाण्यावरचा पिंपळ

मी नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. आमच्या मुर्तिजापूरकडे माझ्या वयाच्या बायका मारत नाहीत. पण लिहिताना सारखं 'हे' 'हे' करत बसले तर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल, म्हणून इथे त्यांना हरिदास म्हणते. समोर म्हटलं तर हातातला चहाचा कप खाली पडेल त्यांच्या.

हरिदासनी बहारीनमध्ये तीसेक वर्षं काढली. अस्करच्या बाजूला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. मी लग्न होऊन गेले ती अरादला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. पुढे टाइल्सचं अंगण, अंगणाला भिंत आणि भिंतीपलीकडे घरमालकीण उम्म जासिम आणि तिची चार खजुराची झाडं. माझा मुलगा प्रबुद्ध त्याच अंगणात रांगला. भाडं तिचा मुलगा घ्यायचा, म्हातारीशी व्यवहार वाट्यांचा. रमजानात तिच्याकडून गहू-मटणाचा हरीस यायचा, बुद्धपौर्णिमेला आमच्याकडून खीर जायची. दोघींच्या वाट्या कधी रिकाम्या परत गेल्या नाहीत.

पिंपळाची गोष्ट माझ्या सासऱ्यांच्या मातीपासून सुरू होते. सासरे वारले तेव्हा हरिदास गावी गेले. परत आल्यावर मी त्यांची पँट धुवायला घेतली, तर खिशात काळी, वाळकी, वाटाण्याएवढी फळं. मी ती कचऱ्यात टाकणार तोच हे ओरडले.

"अवं थांब! विहाराच्या पिंपळाची हायेत ती."

गावच्या बुद्धविहारापुढचा पिंपळ सासऱ्यांनी लावलेला. धर्मांतरानंतर, स्वतः पाणी वाहून. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नव्हते, म्हणून ते नाल्यातून आणायचे. हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की नाल्याची वाट मला डोळे मिटून सापडेल. हरिदासनी ती फळं चुरडून रंगाच्या रिकाम्या बादलीत पेरली. बादलीच्या बुडाला तापलेल्या स्क्रूड्रायव्हरनं भोकं पाडली. बरेच दिवस काही उगवलं नाही. मी म्हटलं, वाळवंटात पिंपळ लावायला निघाले, डोकं तरी ठिकाणावर आहे का. मग एक दिवस तांब्याच्या रंगाची दोन पानं दिसली आणि आमच्या घरात माणसांपेक्षा बादलीची चौकशी जास्त होऊ लागली.

दोन वर्षांत रोप माझ्या छातीला लागलं. तोवर हरिदासची रिटायरमेंट जवळ आली होती. गल्फमध्ये नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की माणूस निघतो. मध्ये काही नसतं. तिथे घर घेऊन राहावं, म्हातारं व्हावं, अशी सोय आमच्यासारख्यांना नाही. तीस वर्षं राहिलेल्या माणसाचं मागे काय उरतं, तर भिंतीतला कॅलेंडरचा खिळा, आणि तोही पुढचा भाडेकरू उपटतो.

"मले हे झाड इथं जमिनीत लावाचं हाय," हरिदास एका सकाळी म्हणाले. "आपून गेल्यावर काही तरी राहाले पायजे."

"लावा ना मग. कोनी हात धरला का?"

"खड्डा अंगणातच कराव म्हंतो."

हा माणूस आयुष्यात काही मागत नाही. तीस वर्षांत कंपनीकडे धड प्रमोशन मागितलं नाही. त्यांनी एक गोष्ट मागितली आणि तीही झाडासाठी. मला ते झाड जमिनीत गेलेलं बघायचं होतं, त्यांच्याइतकंच.

त्याच सुमाराला आमच्याकडे दोन ऑस्ट्रेलियन जेवायला आले. ग्रेग हा हरिदासच्या खात्यातला इंजिनियर. लालबुंद मानेचा, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून लोकांच्या घरी जाणारा, मनानं सरळ. दुसरी नोलीन. ती पर्यावरण खात्यात कॉन्ट्रॅक्टवर होती, धूळ मोजायची. नोलीन तिथल्या मूळ लोकांपैकी. गोरे लोक जहाजांतून उतरले त्याच्या कितीतरी हजार वर्षं आधीपासून तिथे असलेल्यांपैकी. गंमत अशी की दोघं एकाच नदीकाठच्या एकाच गावचे. गावात कधी एकमेकांशी बोलले नव्हते. ग्रेगची शेतजमीन नदीला लागून आणि नोलीनच्या लोकांची वस्ती गावाबाहेर, कचरा टाकायच्या जागेपलीकडे. हे ऐकल्यावर हरिदासनी माझ्याकडे पाहिलं. गावकूस म्हणजे काय हे आम्हाला इंग्रजीतून समजावून घ्यायची गरज नव्हती.

मी भाकरी, झुणका, कोंबडीचा रस्सा केला होता. दोघांच्या नाकातोंडातून पाणी आलं, पण दोघांनी पुन्हा घेतलं. जेवण झाल्यावर हरिदासनी त्यांना अंगणात नेऊन बादली दाखवली आणि सगळी कहाणी सांगितली. फळं, विहार, वडील, नाला.

ग्रेगचे डोळे भरून आले. झाडांच्या बाबतीत तो हळवा आहे.

"माझ्या पणजीनं असंच केलं होतं," तो म्हणाला. "स्कॉटलंडहून निघताना विलोच्या फांद्या आणल्या. वाटेत सुकू नयेत म्हणून बटाट्यात खोचून. नदीकाठी लावल्या. तिला तिकडची झाडं परकी वाटायची. रात्री त्यांचा आवाज ऐकून ती रडायची म्हणे."

"आणि तिकडची झाडं?" मी विचारलं.

"ती पणजोबांनी मारली," तो जरा खाली बघून म्हणाला. "खोडाची साल गोल काढून टाकायची. झाड उभं वाळतं. मेंढ्यांना गवत हवं होतं."

विलो मात्र माजली. इतकी, की तिच्या मुळांनी नदीचं पात्र तुंबलं. ग्रेग विशीत असताना सरकारनं विलो काढायची मोहीम काढली आणि मशीनवर नेमका ग्रेग. पणजीनं बटाट्यात आणलेली झाडं त्यानं स्वतः उपटली. त्याची आई त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही.

नोलीन सिगरेट ओढत ऐकत होती. "माझी आजी त्या घरी चादरी धुवायची," ती म्हणाली, जशी कुणी हवापाण्याची गोष्ट सांगावी. "त्या काठावर पूर्वी पिवळ्या फुलांचे कंद असायचे. आजीच्या आजीचे लोक ते खणून भाजून खायचे. खणायचे पण असे, की पुढच्या वर्षी जास्त यावेत. मेंढ्यांनी ते मुळासकट संपवले. मग गोऱ्यांनी लिहून ठेवलं की इथले लोक शेती करत नाहीत, जमीन रिकामीच आहे."

आयत्या बिळावर नागोबा, आणि वर म्हणायचं बीळ रिकामं होतं. ही म्हण मी तिला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. तिला ती फार आवडली. हसता हसता तिनं सिगरेट विझवली, ती नेमकी पिंपळाच्या बादलीत. हरिदासचा चेहरा बघण्यासारखा झाला. जमिनीच्या एवढ्या गोष्टी सांगणारी बाई आणि थोटूक बोधिवृक्षाच्या बुडात! मी ते तिच्या देखत उचलून टाकलं आणि तिला दोन शब्दही सुनावले. तिनं कान पकडले.

ग्रेग म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी मी फावडं आणतो. कोपऱ्यातल्या दोन टाइल्स काढू, खड्डा करू. तासाचं काम."

हरिदासचा चेहरा उजळला. तेवढ्यात नोलीननं विचारलं, "कुणाला विचारलंत?"

"घरमालकिणीच्या मुलाला मेसेज टाकतो," हरिदास म्हणाले.

"मुलाला नाही. इथलं जुनं माणूस कोण? ही जागा ज्याला आठवते, असं?"

मग तिनं सांगितलं की बहारीनला उतरली त्या आठवड्यात ती अरादच्या किल्ल्याजवळ समुद्रावर गेली होती. पाण्यापुढे उभी राहून मोठ्यांदा आपलं नाव सांगितलं, आईचं, आजीचं, नदीचं. मी अमुक, तमक्यांची, कामापुरती आलेय, त्रास देणार नाही. त्यांच्याकडे दुसऱ्याच्या मुलखात शिरताना असंच करतात म्हणे. मला वाटलं बाई जराशी सटकलेली आहे. पण घरी आलेल्या पाहुणीला असं तोंडावर म्हणता येत नाही.

हरिदासनी मात्र ते मनावर घेतलं.

बुद्धपौर्णिमा आलीच होती. खिरीचं भांडं घेऊन आम्ही दोघं पलीकडे गेलो. उम्म जासिम खजुराच्या सावलीत चटईवर बसली होती. आमचं तिचं बोलणं थोडं अरबी, थोडं हिंदी, बाकी हातवारे. एवढ्या वर्षांत त्याचीच एक भाषा झाली आहे, ती मी इथे मराठीत लिहिते.

हरिदासनी झाडाचं सांगितलं. ती नीट ऐकून घेऊन एकेक विचारू लागली. किती उंच होतं? "या घरापेक्षा उंच," हे म्हणाले. मुळं किती लांब जातात? "फार लांब." भिंतीला काही करतात? मी यांना कोपरानं ढोसलं. पण नाही, राजा हरिश्चंद्राचे अवतार! "भिंत फोडतात," म्हणाले. फळ काय येतं? "पक्षी खातात. माणसाच्या कामाचं नाही." पाणी किती पितं?

"मिळेल तेवढं."

म्हातारी उठली. आम्हाला अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे जमिनीवर लोखंडी झाकण होतं. हरिदासना ते उचलायला लावलं. खाली विहीर. आत अंधार, तळाशी चमक नाही. वर आला तो नुसता कोरड्या दगडाचा वास.

"माझ्या बापाची बाग होती," ती म्हणाली. "वर बघितलं तर आभाळ दिसायचं नाही एवढी झाडं. पाणी गोड. समुद्राच्या आतसुद्धा गोड पाणी वर यायचं, होडीतली माणसं बुडी मारून चामड्याच्या पिशवीत भरून आणायची. मग मोठमोठे पंप आले, मोठमोठी घरं आली. सगळे पीत राहिले. खलास. माझी ही चार उरली, तीही नळाच्या पाण्यावर. या चौघांच्या ताटात तू उंट आणून बसवतोस?"

हरिदासनी झाकण परत लावलं.

"तू भला माणूस आहेस," ती म्हणाली. "पण मफी, नाही. या जमिनीत आता नवा पिणारा नको."

खिरीचं भांडं तिनं ठेवून घेतलं आणि आतून खजूर भरून परत दिलं. वाटी रिकामी नव्हती, एवढंच.

हरिदास घरी आले आणि दार लावल्यावर फुटले.

"पाह्यलं? तिकडंबी विहिरीवरून हाकललं, इकडंबी विहीर दाखवून हाकललं. बापाले नाई म्हनत, पोराले नाई म्हनत. आमच्या नशिबात विहीर म्हनजे नाईच हाय का?"

हा माणूस सहसा आवाज चढवत नाही.  मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोन्ही एकदमच.

"अवो, तुमच्या बापाले जात इचारून नाई म्हटलं होतं," मी म्हटलं. "हिनं झाडाची तहान इचारली. दोन्ही एक कराचं नाई."

"तुले काय कळते?"

"मले येवढं कळते का तिथं पानी असून देलं नाई, अन् इथं पानीच नाई."

पालथ्या घड्यावर पाणी. ते बादली घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेले, जिथे आमच्या एसीची पाइप भिंतीतून बाहेर येऊन ठिबकायची. बादली बरोबर त्या थेंबाखाली ठेवली.

"आजपासून तिच्या नळाचा थेंब घालाचा नाई याले," म्हणाले. "आपल्या एसीचं पानी पिऊ दे. ते कोनाच्या बापाचं नाई."

बहारीनमध्ये एसी थांबतो तो हिवाळ्यातले थोडे दिवस. बाकी अहोरात्र टप्, टप्. पिंपळाला एवढं नेमानं पाणी कधी मिळालं नव्हतं. आणि त्या कोपऱ्यातली टाइल पूर्वीच फुटलेली होती, तिचा एक तुकडा निघून खालची माती दिसत होती. बादली ठेवताना ते ना यांनी पाहिलं, ना मी.

कंपनीनं हरिदासना एक वर्ष वाढवून दिलं. त्या वर्षात पिंपळ माझ्या डोक्यावर गेला. मी कौतुक करायची, हे गप्प. उम्म जासिमशी त्यांनी सलाम चालू ठेवला, पण पूर्वी थांबून बोलायचे ते बंद झालं. तिला ते कळलं असणार. रमजानात तिनं हरीस पाठवला तो नेहमीपेक्षा मोठ्या भांड्यात.

शेवटी निघायची वेळ आली. रोप संघप्रियाला द्यायचं ठरलं. संघप्रिया आमच्यातलीच मुलगी, सखीरला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला. तिच्या फ्लॅटला बाल्कनी होती. बादली न्यायला ग्रेगनं पिकअप आणली, नोलीनही आली. तिचंही कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं.

ग्रेगनं बादलीला हात घातला, तर बादली हलेना. त्याला वाटलं वजन असेल. हरिदासनी दुसरी बाजू धरली. दोघांनी जोर लावला. काही नाही.

हरिदास गुडघ्यांवर बसले, गाल जमिनीला टेकवून बादलीखाली बघितलं आणि तसेच राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"गेलं," ते म्हणाले. "जमिनीत गेलं."

मी वाकून पाहिलं. बादलीच्या बुडाचं भोक चिरून माझ्या मनगटाएवढं मूळ निघालं होतं आणि फुटक्या टाइलमधून थेट खाली शिरलं होतं. आजूबाजूच्या दोन टाइल्स जराशा उचलल्याही होत्या. ज्याच्या परवानगीसाठी आम्ही खीर घेऊन गेलो, रुसलो, भांडलो, ते झाड वर्षभर आमच्या नाकाखाली आपलं आपण घर करून बसलं होतं.

ग्रेगला आनंद आवरेना. "राहू दे तसंच! त्यानं जागा निवडली. बादली कापून काढू, कुणाला कळणारही नाही."

हरिदास उठून उभे राहिले. कपाळाला माती लागली होती. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे दिसलं ते मी विसरणार नाही. बापाला सांगावं, बघा, तुमचं झाड समुद्रापार लागलं, असं काहीतरी. मलाही मनातून वाटत होतं, राहू द्या. देवाशपथ वाटत होतं. आम्ही देव मानत नाही, पण वाटत होतं.

"तुझी पणजी विचारायला गेली होती कुणाला?" हरिदासनी ग्रेगला विचारलं.

"नाही."

"मी गेलो होतो. ती नाही म्हणाली."

"पण तू लावलं नाहीस हे! आपोआप झालं."

"बादली मीच ठेवली."

ते आत गेले आणि अवजारांच्या पेटीतून हॅक्सॉ घेऊन आले. ग्रेग तोंड फिरवून गेटपाशी गेला. नोलीननं सिगरेट काढली होती, ती पेटवली नाही. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी बादली तिरकी धरून ठेवली, त्यांना पातं घालता यावं म्हणून.

मूळ कापताना पांढरा चीक आला. हरिदासच्या बोटांवरून मनगटावर ओघळला. ते थांबले नाहीत. मी रडले. लपवायचं काय त्यात. सासऱ्यांना जाळलं तेव्हा मी नव्हते, या वेळी मात्र समोर होते.

बादली सुटली. जमिनीत राहिलेला तुकडा ओढून काढावा म्हणून हरिदासनी हात घातला, पण तो खोल गेला होता. पूर्ण काढायचा तर अर्धं अंगण फोडावं लागलं असतं. तेवढ्यात उम्म जासिम निरोपाचा खजूर घेऊन दारात आली. तिनं बादली पाहिली, फुटकी टाइल पाहिली, यांच्या हातावरचा चीक पाहिला. हरिदासनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. उरलेलं मूळ काढायला माणूस बोलावतो म्हणाले.

तिनं वाकून त्या भोकात पाहिलं.

"राहू दे," म्हणाली. "वाळेल आपोआप."

मग तिनं त्यांना हात धुवायला सांगितलं. नळ आमचाच होता, पण सोडला तिनं, आणि त्यांचे हात धुवून होईपर्यंत धरून उभी राहिली. "अल्ला तुला बळ देवो," म्हणाली. तिकडे कष्ट करणाऱ्या माणसाला असं म्हणतात. त्या दिवशी वर्षभरानंतर हरिदास तिच्या पायरीवर बसून चहा प्यायले.

आम्ही आलो. आता अकोल्याला राहतो. इथे सगळं आहे आणि कशाचीच सवय नाही. हरिदास अजून भाजीवाल्याला 'यल्ला, जल्दी' म्हणतात. प्रबुद्ध पुण्यात नोकरी करतो. तो जन्मला बहारीनला, शाळा शिकला बहारीनला. कॉलेजसाठी भारतात आला आणि मोठा झाला तसा बापाच्या व्हिसातून बाहेर पडला. एकदा सुट्टीत व्हिजिट व्हिसा काढून आपल्याच घरी आला होता. इमिग्रेशनवाल्यानं विचारलं, पर्पज ऑफ व्हिजिट? पोरगं बराच वेळ गप्प उभं राहिलं म्हणे.

दिवाळीच्या आसपास संघप्रियाचा फोन आला. ती आधी रडली आणि मग बोलली. पिंपळाची पानं आम्ही गेलो त्याच महिन्यात गळायला लागली होती. तिनं खत घातलं, सावलीत ठेवलं, जागा बदलली. आता खोडही वाळलं. नखानं खरवडून पाहिलं तर आत हिरवं नाही.

"तुझी चूक नाई बाई," हरिदास तिला म्हणाले. "मूळच तोडलं, तं झाड काय करन?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही. एक गोष्ट मागितली होती या माणसानं, आणि तीही त्यानं स्वतःच्या हातानं कापली होती. त्यावर भाकरी खा म्हणून काय सांगणार?

हिवाळा सरता सरता प्रबुद्ध दोन दिवस घरी आला होता. सकाळी आम्ही तिघं चहाला बसलो असताना हरिदासच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. बहारीनचा नंबर. उम्म जासिमची नात फोन धरून होती आणि म्हातारी पडद्यावर इतकी जवळ आली होती की एक डोळा आणि अर्धं नाकच दिसत होतं.

"हरिदास! मूळ वाळलं नाही."

नातीनं फोन फिरवला. आमचं अंगण. आमचा कोपरा. भिंतीतून आलेली पाइप, टप्, टप्. आणि तिच्याखाली, फुटक्या टाइलमधून वर आलेला, वीतभर उंचीचा कोंब. तांब्याच्या रंगाची पानं, अजून हिरवीही न झालेली. भोवती कुणीतरी दगडांचं गोल कडं करून ठेवलं होतं.

 हरिदास म्हणाले, "उम्म जासिम, मी माणूस पाठवतो. तिथे ओळखीचे आहेत. मुळासकट काढून देतील."

"कशाला?"

"तुम्ही नाही म्हणाला होता."

"ते तू आणलेल्या झाडाला," म्हातारी म्हणाली. "याला कुणी आणलं नाही. हे इथेच जन्मलं. आणि माझं पाणीही मागत नाही, तुझ्या एसीचंच पितं. नवे भाडेकरू एसी बंदच करत नाहीत." मग म्हणाली, "इथे जन्मलेल्याला मी कशी घालवू?"

हरिदासनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून खिडकीशी गेले. पाठमोरे उभे राहिले.  मी म्हातारीला शुक्रन म्हटलं, नातीला खूप शिक म्हटलं, भिंतीला तडा गेला तर कळवा म्हटलं. ती म्हणाली, भिंत पडेपर्यंत मी थोडीच असणार आहे.

फोन ठेवला. प्रबुद्ध कपातल्या चहाकडे बघत होता. त्याला मराठी सगळं कळतं आणि म्हातारीची ती मोडकी भाषा तर आमच्यापेक्षा जास्त कळते. तो तिच्याच मांडीवर ती शिकला.

"सो इट गेट्स टू स्टे," तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, आणखी चहा टाकू का.